७९८ तुकड्यांचा एक आरसा

 

आजचा भाग तुम्ही इअरफोन लावून ऐकत असाल, तर आधी त्या इअरफोनकडेच जरा लक्ष द्या. बहुतेक इअरफोनमध्ये एक छोटं चुंबक असतं, त्याच्याजवळ बारीक तारेची कॉइल असते आणि कॉइलला चिकटलेला एक पातळ पडदा असतो. कॉइलमधून वीज गेली की पडदा हलतो, पडद्यामुळे हवा हलते आणि माझा आवाज तुमच्या कानात येतो. या जोडीला म्हणतात व्हॉइस कॉइल. तुमच्या फोनच्या कॅमेऱ्यातही बहुधा हीच आहे. फोकस करताना आतली लेन्स मागे-पुढे सरकते ना, ती याच पद्धतीने.

आता कल्पना करा की अशा ५३५२ कॉइल एका आरशाच्या पाठीमागे बसवल्या आहेत. आरसा २.४ मीटर रुंद, पण जाडी दोन मिलिमीटरपेक्षा कमी. आणि या कॉइल त्या आरशाचा आकार एका सेकंदात हजार वेळा बदलू शकतात.

हा आरसा काल्पनिक नाही. चिलीमधल्या अटाकामा वाळवंटात, सेरो आर्माझोनेस नावाच्या डोंगरावर, ३०४६ मीटर उंचीवर एक दुर्बीण उभी राहतेय. तिचं नाव एक्स्ट्रीमली लार्ज टेलिस्कोप. होय, नाव खरंच तेवढं साधं आहे, 'अतिशय मोठी दुर्बीण'. युरोपियन सदर्न ऑब्झर्व्हेटरी, म्हणजे ईएसओ, ती बांधतेय. तिचा मुख्य आरसा ३९ मीटर व्यासाचा आहे. क्रिकेटची दोन पिचेस एकापुढे एक ठेवा, जवळपास तेवढा.

पण आज मला त्या दुर्बिणीतून काय दिसणार, यावर फार बोलायचं नाहीये. मला बोलायचंय ते एवढा मोठा आरसा आरसा म्हणून टिकतो कसा, यावर. कारण खरं सांगायचं तर तो आपोआप टिकत नाही. त्याला दर क्षणी टिकवावं लागतं.

एकच मोठी काच का नाही?

पहिला प्रश्न, दुर्बीण मोठी कशाला हवी? दोन कारणं. एक, आरसा जेवढा मोठा तेवढा जास्त प्रकाश गोळा होतो. पावसात वाटी ठेवली आणि परात ठेवली, तर पाणी परातीतच जास्त जमणार. दोन, आरसा जेवढा रुंद तेवढं बारीक दिसतं. लांबच्या गाडीचे दोन हेडलाइट एकच ठिपका दिसतात की वेगवेगळे, हे शेवटी आरशाच्या व्यासावर ठरतं.

मग ओता की एक मोठी काच! काही दशकं हेच चाललं होतं. कॅलिफोर्नियातल्या पालोमार डोंगरावरची हेल दुर्बीण १९४८ साली सुरू झाली, तिचा आरसा पाच मीटरचा. मग सत्तरच्या दशकात सोव्हिएत संघाने कॉकेशसच्या डोंगरात सहा मीटरची दुर्बीण उभारली. तिच्या आरशाचं वजन सुमारे ४२ टन. आणि इथे अडचण उघड झाली. एवढी जाड काच लवकर थंड होत नाही. रात्री हवा गार होते, काच मात्र दुपारची ऊब धरून बसते. त्या उबेने आरशावरची हवा थरथरते, काचेचा आकारही बिघडतो, आणि चित्र खराब येतं.

वजनाचा हिशोब तर अजून वाईट आहे. काच स्वतःच्या वजनाने वाकते. व्यास दुप्पट केला आणि वाक तेवढाच ठेवायचा म्हटलं, तर जाडी चौपट करावी लागते. म्हणजे वजन सोळापट. हाच हिशोब सहा मीटरवरून ३९ मीटरपर्यंत नेला तर उत्तर येतं सुमारे ७५ हजार टन. एक आरसा! तो ओतायचा कुठे, घासायचा कशावर आणि डोंगरावर न्यायचा कुठल्या रस्त्याने?

वेगळ्या युक्त्या वापरून, आतून पोकळ, मधाच्या पोळ्यासारखी काच ओतून लोक ८.४ मीटरपर्यंत पोचले. एका काचेचा आरसा म्हटलं की आजही मजल साधारण तिथेच थांबते.

जेरी नेल्सन आणि फरशीचा प्रश्न

१९७० च्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्निया विद्यापीठाला दहा मीटरची दुर्बीण हवी होती. तिथे जेरी नेल्सन नावाचा एक तरुण भौतिकशास्त्रज्ञ होता. त्याचं म्हणणं असं की एक मोठा आरसा करूच नका. छोटे षटकोनी आरसे करा आणि फरशीसारखे एकमेकांशेजारी बसवा.

ऐकायला सोपं वाटतं. पण 'शेजारी बसवा' या दोन शब्दांत सगळा त्रास आहे. डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण ५०० नॅनोमीटर असते. तुकडे मिळून एकच आरसा व्हायला हवा असेल, तर दोन शेजाऱ्यांच्या उंचीतला फरक या तरंगलांबीच्या अगदी छोट्या हिश्श्याएवढा हवा, काही दहा नॅनोमीटर. आपला केस असतो ५० हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड. आणि ही फरशी जमिनीवर पडून राहणार नाही. ती ताऱ्यामागे रात्रभर कलत जाणार, वारा खाणार, गार होणार. खालची पोलादी चौकट मिलिमीटरच्या हिशोबात वाकणार. मिलिमीटर म्हणजे दहा लाख नॅनोमीटर!

साहजिकच, हे जमेल यावर अनेकांचा विश्वास नव्हता. आपल्याला सवय असते ती मजबुतीच्या विचाराची. अचूक हवंय ना, मग घट्ट करा, जाड करा, हलूच देऊ नका. नेल्सनच्या योजनेत मांडणी उलटी होती. चौकट वाकणारच आहे, तर वाकू द्या. फक्त किती वाकली ते सतत मोजा आणि तेवढं परत सरळ करा.

इंजिनिअरिंग केलेल्यांना हे ओळखीचं वाटलं असेल. हाच तो 'कंट्रोल सिस्टिम्स'चा पेपर. बोडे प्लॉट, नायक्विस्ट, परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ केलेली ती आकृती: मोजा, फरक काढा, दुरुस्त करा, पुन्हा मोजा. फीडबॅक. मीही तेव्हा ती आकृती मार्कांसाठीच काढायचो. तिच्यावर दहा मीटरचा आरसा उभा राहू शकतो, हे मला कॉलेज संपल्यावर बऱ्याच वर्षांनी कळलं.

नेल्सनची दुर्बीण म्हणजे हवाईतल्या मौना केआ डोंगरावरची केक. ३६ षटकोनी तुकडे, प्रत्येक १.८ मीटरचा. प्रत्येक तुकड्याखाली तीन ॲक्च्युएटर, म्हणजे तीन अतिसूक्ष्म जॅक समजा. तीन असले की तुकडा वर-खाली करता येतो आणि दोन दिशांना कलवता येतो. ३६ गुणिले तीन, १०८ ॲक्च्युएटर. शिवाय दोन तुकड्यांच्या प्रत्येक सामाईक कडेवर दोन सेन्सर, असे १६८. हे सेन्सर एकच गोष्ट सांगतात, 'मी माझ्या शेजाऱ्यापेक्षा किती वर किंवा खाली आहे'. कंप्युटर ही १६८ उत्तरं घेतो, १०८ ॲक्च्युएटरनी किती हलायचं ते काढतो आणि हलवतो. सेकंदाला दोनदा, रात्रभर.

इथे एक मजेदार अडचण येते. घरी फरशी बसवताना गवंडी काय करतो बघा. शेजारच्या फरशीशी सांधा जुळला की नाही, हे बोटाने चाचपतो. प्रत्येक सांधा गुळगुळीत. तरी काम झाल्यावर पाणी ओतलं की ते जाळीकडे न जाता मधेच साचतं. का? कारण प्रत्येक सांध्यावर चूक इतकी कमी होती की बोटाला कळलीच नाही, पण सगळ्या चुका एकाच दिशेने जमत गेल्या आणि फरशीची बशी झाली.

दुर्बिणीतही हुबेहूब हेच होतं. शेजाऱ्यापुरतं मोजणाऱ्या सेन्सरना 'सगळा आरसा किंचित जास्त खोलगट झालाय' ही चूक जवळजवळ दिसतच नाही. आणि आरसा जास्त खोलगट झाला म्हणजे फोकस हलला. गवंडी यावर पाणसळ लावतो. दुर्बिणीची पाणसळ म्हणजे तारा. अधूनमधून एखाद्या ताऱ्याचा प्रकाश घेऊन संपूर्ण आरशाचा आकार तपासायचा, योग्य स्थितीत प्रत्येक सेन्सरचा आकडा काय असायला हवा ते नोंदवायचं आणि मग सेन्सरना सांगायचं, 'आता हे धरून ठेवा'. म्हणजे मोजणारेही दोन प्रकारचे लागतात. एक शेजाऱ्याकडे बघणारा आणि एक लांबून सगळ्यांकडे बघणारा.

केकचा प्रवास सोपा नव्हता. तुकडे घासायची पद्धत जेकब लुब्लिनर या इंजिनिअरसोबत नेल्सनने शोधली होती. कडांना जोर देऊन काच मुद्दाम वाकवायची, वाकलेल्या अवस्थेत साधा गोलाकार घासायची आणि मग जोर काढून घ्यायचा. काच उसळून परत येते आणि हवा तो अवघड आकार आपोआप मिळतो. कल्पना सुंदर! पण गोल काच कापून षटकोनी केली की आतला ताण मोकळा होऊन ती पुन्हा थोडी वाकायची. मग मागच्या बाजूला स्प्रिंगांची व्यवस्था बसवून आकार नीट करावा लागला, आयनांचा झोत मारून पृष्ठभाग खरवडावा लागला. १९९० मध्ये ३६ पैकी फक्त नऊ तुकडे बसवून पहिलं चित्र घेतलं. १९९२ मध्ये सगळे ३६ बसले. आणि नेल्सनचं म्हणणं खरं ठरलं.

जेरी नेल्सन २०१७ मध्ये गेले. आज जगात जी तुकड्यांच्या आरशाची मोठी दुर्बीण आहे किंवा होतेय, तिच्या मुळाशी त्यांचं काम आहे.

३६ वरून ७९८

आता चिलीला परत जाऊ. केकमध्ये ३६ तुकडे होते, इथे ७९८. प्रत्येक तुकडा साधारण १.४ मीटरचा आणि फक्त पाच सेंटिमीटर जाड. काच झेरोडूर नावाची, जर्मनीत ओतलेली. तिची खासियत अशी की तापमान बदललं तरी ती जवळजवळ प्रसरण पावत नाही. घासण्याचं काम फ्रान्समध्ये. पृष्ठभागावरचा उंचसखलपणा सरासरी दहा नॅनोमीटरच्या आत. हे किती, तर असा एक तुकडा ताणून महाराष्ट्राएवढा केला, तर त्यावरचे डोंगर पाच-सहा मिलिमीटर उंच असतील. सह्याद्री सहा मिलिमीटरचा!

एक गणित बघा. षटकोनी मांडणी असल्यामुळे मध्यापासून सारख्या अंतरावर सहा-सहा तुकडे एकाच आकाराचे येतात. ७९८ भागिले सहा, १३३. म्हणजे १३३ वेगवेगळे आकार. प्रत्येक आकाराचा एक जादा तुकडा ठेवलाय, एकूण ९३१. हे जादा तुकडे कशाला? कारण आरशावरचा चकचकीत थर धुळीने आणि हवेने मंदावतो. रोज थोडे तुकडे काढायचे, नवा थर द्यायचा, तोवर त्यांच्या जागी जादाचे बसवायचे. संपूर्ण आरसा एकदम बंद कधीच करायचा नाही.

पाच सेंटिमीटरची काच वाकू नये म्हणून तिला खालून २७ ठिकाणी आधार दिलाय. २७ वेगळे खांब असते तर एखाद्यावर जास्त भार आला असता. म्हणून तीन मुख्य आधार, त्यांना फांद्या, फांद्यांना पुन्हा फांद्या. औताला बैलजोडी जुंपली की जू दोन्ही बैलांमध्ये ओढ वाटून देतं, तसंच हे. गंमत म्हणजे या रचनेचं इंग्रजी नावही घोडे जुंपायच्या आडव्या दांडीवरूनच आलंय.

आणि कंट्रोल? ७९८ गुणिले तीन, म्हणजे २३९४ ॲक्च्युएटर. प्रत्येक जण दहा मिलिमीटरपर्यंत सरकू शकतो आणि तरीही दोन नॅनोमीटरच्या अचूकतेने जागा पकडतो. कडांवर सेन्सरच्या साडेचार हजारांहून जास्त जोड्या. गवंड्याची तीच अडचण इथेही आहे, पण जास्त तीव्रतेने, कारण फरशी जेवढी मोठी तेवढी बशी होण्याची भीती जास्त.

दोन-तीन गोष्टी बिघडतील का? नक्कीच बिघडतील. एवढ्या हजारो भागांत रोज काहीतरी बंद पडणार, हे धरूनच सगळं आखावं लागतं. सेन्सर गरजेपेक्षा जास्त ठेवलेत ते याचसाठीही. एक गप्प बसला तर बाकीच्यांच्या आकड्यांवरून काम चालतं.

पण वर हवा आहे

समजा आरसा अगदी नीट बसला. तरी पुढे एक अडचण उभीच आहे, ती म्हणजे हवा.

तारे लुकलुकतात ते हवेमुळे. वर गरम-गार हवेचे पट्टे सरकत असतात आणि प्रत्येक पट्टा प्रकाशाला थोडा वेगळा वळवतो. चांगल्या डोंगरावरसुद्धा दिसणाऱ्या प्रकाशासाठी हवेचा 'एकसारखा' तुकडा साधारण दहा-वीस सेंटिमीटरचा असतो. याचा अर्थ नीट ऐका. हवेची दुरुस्ती केली नाही, तर ३९ मीटरची दुर्बीण प्रकाश खूप गोळा करेल, पण बारकावा दाखवेल गच्चीवरच्या हौशी दुर्बिणीएवढाच!

यावरचा उपाय होरेस बॅबकॉक या खगोलशास्त्रज्ञाने १९५३ मध्येच सुचवला होता. हवेने प्रकाशाच्या लाटेला जेवढ्या सुरकुत्या पाडल्या, तेवढ्याच उलट्या सुरकुत्या आरशाला पाडा. लाट आरशावर आदळून परतली की सपाट होते. यालाच म्हणतात ॲडॅप्टिव्ह ऑप्टिक्स. पण तेव्हा ना तसे आरसे होते, ना तेवढे वेगवान कंप्युटर. पुढे अमेरिकेच्या लष्करी संशोधनात यावर बरंच काम झालं, आणि त्यातलं लेझरचं काम १९९१ मध्ये खुलं झालं.

आता तुम्हाला सुरुवातीचे ते ५३५२ कॉइल आठवतील. ईएलटीमध्ये प्रकाश एकूण पाच आरशांवरून जातो. पहिला ३९ मीटरचा. दुसरा सव्वाचार मीटरचा, वर उलटा टांगलेला. तिसरा जवळपास चार मीटरचा. चौथा म्हणजे आपला पातळ आरसा, सहा पाकळ्यांचा. त्याच्या पाठीवर चुंबकं चिकटवलीत आणि समोर कॉइल. मधे केसाएवढी फट. म्हणजे आरसा चुंबकीय बलावर तरंगतो आणि कॉइल त्याला जागोजागी ओढतात, ढकलतात. पाचवा आरसा सपाट आहे. तो पूर्ण झटपट कलतो आणि वाऱ्याने, कंपनाने हललेलं चित्र जागेवर ठेवतो. तुमच्या फोनमध्ये हात हलला तरी फोटो स्थिर यावा म्हणून जी सोय असते ना, तिचा हा भलामोठा भाऊ. २.७ मीटर लांबीचा!

चौथ्या आरशाला सेकंदाला हजार वेळा का हलावं लागतं? साधा हिशोब. समजा वर वारा सेकंदाला दहा मीटर वेगाने वाहतोय. म्हणजे एका मिलिसेकंदात हवा एक सेंटिमीटर सरकते. दहा मिलिसेकंदांत दहा सेंटिमीटर, म्हणजे एक अख्खा नवीन तुकडा समोर आला. तुम्ही दहा मिलिसेकंद उशीर केलात, तर जी सुरकुती तुम्ही दुरुस्त करताय ती हवा पुढे निघून गेलेली असते. एका मिलिसेकंदात मोजायचं, हजारो कॉइलसाठी गणित करायचं, हुकूम द्यायचा. तोवर पुढचं मोजमाप आलेलंच असतं.

अवरक्त प्रकाशात, म्हणजे इन्फ्रारेडमध्ये, काम थोडं सोपं होतं. तिथे हवेचा 'एकसारखा' तुकडा अर्ध्या मीटरच्या वर जातो. ५३५२ कॉइल मुख्य आरशावर पसरून बघितल्या तर साधारण अर्ध्या मीटरला एक येते. म्हणजे हा आकडा उगाच निवडलेला नाही.

मग जास्त जोर लावून, जास्त वेगाने दुरुस्ती का नाही करायची? इथे फीडबॅकचा दुसरा चेहरा दिसतो. गणपतीच्या मांडवात माइक स्पीकरसमोर गेला की काय होतं? कुईंऽऽऽ! स्पीकरचा आवाज माइकमध्ये, माइकमधून पुन्हा स्पीकरमध्ये, प्रत्येक फेरीत वाढत. यंत्र स्वतःचंच ऐकून वेडावतं. दुर्बिणीतही दुरुस्तीचा जोर जास्त झाला आणि मोजमाप थोडं उशिरा आलं, तर आरसा गेलेल्या चुकीवर आजची दुरुस्ती करतो, त्याने नवी चूक होते आणि मग पूर्ण चौकट थरथरायला लागते. साउंडवाला काय करतो? आवाज थोडा कमी करतो आणि जी पट्टी शिट्टी मारतेय तेवढीच दाबतो. कंट्रोल इंजिनिअरही तेच करतो. कुठे किती ऐकायचं आणि कुठे दुर्लक्ष करायचं, हे ठरवणं हेच त्याचं खरं कौशल्य.

खोटा तारा

हवेच्या सुरकुत्या मोजायला जवळपास एक तेजस्वी तारा लागतो. पण आपल्याला बघायची असते एखादी मंद आकाशगंगा, आणि तिच्याशेजारी असा तारा बहुतेक वेळा नसतोच. मग काय करायचं? तारा तयार करायचा.

पृथ्वीपासून सुमारे ९० किलोमीटर वर सोडियमच्या अणूंचा एक विरळ थर आहे. जळून गेलेल्या उल्कांमधून तो आलाय. खालून ५८९ नॅनोमीटरचा लेझर सोडला की ते अणू चमकतात. आपल्या रस्त्यांवर एलईडीच्या आधी ते पिवळे सोडियमचे दिवे होते ना, तोच पिवळा रंग. ईएलटी असे सहा लेझर वापरणार आहे.

यातही दोन खोडी आहेत. पहिली, तो थर काही किलोमीटर जाड आहे. त्यामुळे ३९ मीटरच्या आरशाच्या एका कडेवरून बघितलं तर तो तारा ठिपका न दिसता ताणलेल्या रेघेसारखा दिसतो. दुसरी, लेझर वर जातानाही हवेतून जातो आणि प्रकाश खाली येतानाही. त्यामुळे चित्र संपूर्णच उजवीकडे सरकलं की डावीकडे, हे त्याला सांगता येत नाही. त्यासाठी शेवटी एखादा मंद का होईना, खरा तारा लागतोच.

एवढा खटाटोप कशासाठी? एकच उदाहरण देतो. आपल्या आकाशगंगेच्या मध्याभोवती फिरणारे तारे केकवरून आंद्रेआ गेझ यांच्या गटाने आणि चिलीमधून राइनहार्ड गेन्झेल यांच्या गटाने वर्षानुवर्षं टिपले. एक तारा साधारण १६ वर्षांत एक फेरी पूर्ण करतो. त्या फेऱ्यांवरून कळलं की मध्ये सूर्याच्या चाळीस लाखपट वस्तुमान एका छोट्या जागेत दडलंय. २०२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना रॉजर पेनरोझ यांच्यासोबत मिळालं. हवेची थरथर काढून टाकता आली नसती, तर त्या गर्दीतले तारे इतके नीट वेगळे दिसले नसते.

यात आपण कुठे?

चिलीची दुर्बीण युरोपची आहे. पण याच जातीची दुसरी दुर्बीण म्हणजे थर्टी मीटर टेलिस्कोप, टीएमटी. तीस मीटर, ४९२ तुकडे. तिच्यात भारत भागीदार आहे. बेंगळुरूची भारतीय ताराभौतिकी संस्था, नैनितालची एरीज आणि आपल्या पुण्याची आयुका, या तीन संस्था त्यात आहेत. भारताच्या वाट्याला आलेलं काम ऐका: कडांचे सेन्सर, ॲक्च्युएटर, तुकड्यांचे आधार, काही तुकड्यांचं घासकाम आणि सॉफ्टवेअर. म्हणजे आज आपण ज्यावर बोललो, नेमकं तेच. आयुकाने याआधी कॅलिफोर्नियाच्या कॅलटेकसोबत रोबो-एओ नावाची यंत्रणा केली होती. माणूस न बसवता आपली आपण चालणारी लेझर ॲडॅप्टिव्ह ऑप्टिक्स, पालोमारच्या दीड मीटरच्या दुर्बिणीवर.

पण टीएमटीची गोष्ट इथे गोड होत नाही, आणि ती तशी सांगणं बरोबरही नाही. तिच्यासाठी मौना केआ हाच डोंगर निवडला होता. हवाईच्या मूळ रहिवाशांसाठी तो पवित्र आहे, आणि त्यावर आधीच डझनभर दुर्बिणी आहेत. २०१४ मध्ये भूमिपूजनाच्या वेळीच विरोध झाला. २०१५ मध्ये हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने परवाना रद्द केला, २०१८ मध्ये नव्या परवान्याला मान्यता दिली. २०१९ मध्ये लोक रस्ता अडवून बसले, वयस्कर मंडळींना अटक झाली. बांधकाम आजवर उभं राहिलेलं नाही. २०२५ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या अर्थसंकल्पाच्या प्रस्तावात प्रतिस्पर्धी जायंट मॅजेलन दुर्बिणीला पुढे नेण्याचं ठरलं, टीएमटीला नाही. स्पेनच्या ला पाल्मा बेटाचा पर्यायही चर्चेत आहे.

म्हणजे ज्या इंजिनिअरांनी नॅनोमीटर मोजणारे सेन्सर केले, त्यांना आपली दुर्बीण कुठे उभी राहणार, उभी राहणार का, हेच ठाऊक नाही. मला याचं वाईट वाटतं. पण रस्त्यावर बसलेल्या त्या आजी-आजोबांना चूक म्हणायलाही माझी जीभ रेटत नाही. ज्या यंत्राची सगळी विद्या शेजाऱ्याकडून वेळेवर ऐकून घेण्यावर उभी आहे, त्याच्या आखणीत डोंगराच्या शेजाऱ्यांचं ऐकणं उशिरा झालं. आणि उशिरा ऐकलं की काय होतं, ते आपण मघाशी मांडवातल्या माइकमध्ये बघितलंच.

मला शेवटी एवढंच सांगायचंय. जगातला सगळ्यात मोठा आरसा कुणी एकदा बनवून ठेवणार नाहीये. सिस्टिम बंद केली की उरतात ७९८ काचा. सुरू केली की प्रत्येक जण शेजाऱ्याला विचारतो, 'मी वर आहे का खाली?', उत्तर ऐकतो, नॅनोमीटरभर सरकतो आणि पुन्हा विचारतो. जोवर हे विचारणं चालू, तोवर तो एक आरसा.

तुमच्यापैकी कुणी इन्स्ट्रुमेंटेशन, इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल किंवा कंप्युटर शिकत असेल आणि 'अंतराळात काम करायचं तर रॉकेटच बनवायला हवं' असं वाटत असेल, तर हा भाग त्यांच्यासाठी होता. दुर्बिणीला खगोलशास्त्रज्ञ लागतो, तसाच गवंडीही लागतो आणि साउंडवालाही. कंट्रोल सिस्टिम्सचं पुस्तक रद्दीत दिलं नसेल, तर आज एकदा काढून बघा. तीच ती आकृती आहे.

आणि रात्री गच्चीवर गेलात तर एखादा तारा लुकलुकताना जरा जास्त वेळ बघा. त्या लुकलुकण्यातून हवा कशी सरकतेय, हे तुम्हाला दिसत असतं.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!